थंडीतल्या राइडसाठी ग्लोव्हज शोधताना

पुण्यात सायकलचे फुल फिंगर ग्लोव्हज मागितले की बरेच दुकानदार आधी मोटरसायकलचेच काढून दाखवतात. जाडजूड, बोटांच्या सांध्यांवर कडक प्लास्टिक लावलेले. ते घालून ब्रेक लागतो, पण गिअरचा शिफ्टर बोटाला कळतच नाही. लोकरीचे म्हणाल तर विणीतून वारा थेट आत. आमच्या ग्रुपातले काहीजण हाफ फिंगरच्या आत डॉक्टरांचे रबरी मोजे चढवतात. वारा अडतो खरा, पण कात्रजचा चढ संपेपर्यंत आत घामाची आंघोळ होते आणि तोच घाम पुढे उतारावर बोटं गारठवतो.

त्रास सगळा उताराचाच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडून खेड शिवापूरकडे ताशी ४० किमीने सुटलं की उघड्या हाताला ते ६ अंशांसारखे लागतात. छाती-पोट जर्सीत ऊबदार असतं. हात मात्र हँडलवर जागच्या जागी, बोटांची पाठ नेमकी वाऱ्याच्या तोंडावर. बधिर बोटांनी ब्रेक किती दाबला गेलाय याचा अंदाज येत नाही, आणि उतारावर तो यायलाच हवा.

मग ‘विंटर’ लिहिलेलेच का घेऊ नयेत? कारण आपली थंडी सकाळपुरती. २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत संपवायची असते. पहाटे कुडकुडत निघालेला माणूस पाचगणीच्या वाटेवर पसरणी घाट चढतो तेव्हा ऊन चटके देत असतं. दुपारी पारा २८-३० वर. अस्तराचे विंटर ग्लोव्हज मग कुठे ठेवणार? जर्सीच्या मागच्या खिशात केळी आणि चिक्कीही असते! युरोपात वसंत-शरदासाठी म्हणून जे पातळ, वारारोधक ग्लोव्हज विकतात ते साधारण ५ ते १५ अंशांचे. त्यांचा एप्रिल किंवा ऑक्टोबर म्हणजे आपली डिसेंबरची पहाट. हे लक्षात आल्यावर शोध सोपा झाला.

‘विंडप्रूफ’ या शिक्क्यावर मी विसंबलो नाही. दुकानात ग्लोव्हची पाठ ओठांना लावून जोरात फुंकायचं, आत दोन बोटं घालून ठेवायची. फुंकर बोटांना लागली तर ठेवून द्यायचा. एकाची पाठ उत्तम निघाली, पण बोटांच्या मधल्या पट्ट्यांतून सरळ हवा येत होती. तळव्याकडून मात्र थोडी हवा गेलेली बरी. वाऱ्याकडे तळवा नसतोच आणि घाम तिथूनच सुकतो. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघत होता, बघू दे.

मापासाठी अंगठा सोडून तळव्याचा घेर टेपने मोजला आणि त्याच कंपनीच्या तक्त्याशी ताडला. एकाचा मीडियम दुसऱ्याचा लार्ज असतो. तरीही घालून मूठ वळवून बघावंच. घट्ट झाले तर रक्त कमी फिरतं, ऊब धरणारी हवाही आत राहत नाही, म्हणजे महाग ग्लोव्ह घालूनही बोटं गारच. सैल झाले तर टोकाशी कापड लोंबतं आणि लिव्हरमध्ये अडकतं. दुकानात उभ्या असलेल्या सायकलचे हूड, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठी, धरून दोन बोटांनी ब्रेक दाबून बघितला, तेव्हा कळलं की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली शिवण टोचतेय. ती जोडी बाद.

तळव्यावरच्या जेलच्या जाड गाद्यांचं मला कौतुक नाही. हाताला मुंग्या येत असतील तर आधी बाइक फिट, म्हणजे सायकलची मापं आपल्या शरीराला जुळतात का, ते तपासावं. ग्लोव्हचं मनगट लांब हवं, जॅकेटच्या बाहीखाली जाईल असं, नाहीतर तिथूनच वारा शिरतो. अंगठ्यावर टॉवेलसारखं मऊ कापड असलेली जोडी घेतली. थंडीत नाक गळतं, ते पुसायची ती सोय आहे. म्हणून ग्लोव्हज वेळेवर धुवावेत. गार पाण्यात, हाताने, फॅब्रिक कंडिशनर न घालता, आणि सावलीत वाळवून.