मॉनिटरवर ६५, गुडघ्यावर जाळी

नाइट संपली, झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

रात्री अडीचला एक आजी आल्या. लघवीचं इन्फेक्शन, त्यातून सेप्सिस (इन्फेक्शनला शरीराचा बेताल प्रतिसाद) आणि पुढे सेप्टिक शॉक, म्हणजे प्रेशर कोसळलेलं. सलाइन झालं, प्रेशर वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लावलं, पहाटे सरासरी ब्लड प्रेशर ६५ च्या वर, म्हणजे हवं तिथे. मी खूश. सिस्टरने चादर बाजूला केली. "मॅडम, गुडघे बघा." दोन्हींवर जांभळट जाळी. बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडलं, रंग परतायला ५ सेकंद लागले. ३ पर्यंत यायला हवा.

टाकी भरलेली, पण गल्लीतल्या नळाला पाणी नाही, तसलाच प्रकार. सेप्सिसमध्ये स्नायूतल्या काही केशवाहिन्या बंद पडतात. आतलं अस्तर बिघडतं, तांबड्या पेशी ताठर होतात. शेजारचीच वाहिनी मात्र भरधाव. रक्त ऑक्सिजन न देताच पुढे पळतं. हे मोजताही येतं: अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागावर सेन्सर लावायचा, हातावर पट्टा फुगवून ३ मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. निरोगी माणसात ऑक्सिजन झपकन वर येतो, सेप्सिसमध्ये रेंगाळतो.

आमच्याकडे तो सेन्सर नाही. बोट आहे. आणि २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत बोट बघून केलेले उपचार लॅक्टेट (शॉकमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ) बघून केलेल्यांच्या मागे पडले नव्हते, हे बरंय.

सकाळी सातला पुन्हा दाबलं. ३ सेकंद. आजींनी डोळे किलकिले केले, "सारखं बोट काय दाबतेस गं?"