रात्री अडीचचा मथळा

१३ फेब्रुवारी २०२१, शनिवार. रात्रपाळीला आले तेव्हा विदेश पान जवळजवळ लागलेलं होतं. ६ जानेवारीला ट्रम्प यांनी समर्थकांपुढे ‘लढा’ म्हणत भाषण केलं आणि मग जमावानं अमेरिकेच्या संसद भवनावर हल्ला केला, त्यावरून सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, त्यांच्यावर चाललेला दुसरा महाभियोग खटला संपत आला होता, पण निकाल येईपर्यंत आपली शहर आवृत्तीही छपाईला गेलेली असणार. म्हणून वर तीन कॉलम ‘आज निकालाची शक्यता’ आणि खाली चौकट. अशा रात्री डबा तरी निवांत खाता येतो.

नऊच्या सुमारास त्या निवांतपणाची वाट लागली. महाभियोग आणणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, वतीनं खटला चालवणाऱ्या जेमी रास्किन यांनी ऐनवेळी साक्षीसाठी मागणी केली आणि सिनेटनं ती ५५ विरुद्ध ४५ मतांनी मान्य केली. म्हणजे खटला लांबणार. पान मोडलं. अकरा वाजून गेल्यावर तडजोड झाली: साक्षीदार नकोत, एका महिला खासदाराचं निवेदन नोंदीवर घ्यायचं आणि पुढे जायचं. पान पुन्हा मोडलं. ऑपरेटर काही बोलला नाही, माउस तेवढा जोरात आपटला.

आवृत्ती गेल्यावर मी थांबले, कारण वेबसाइटसाठी मथळा मलाच द्यायचा होता. आमचे वृत्तसंपादक अण्णाही थांबले. त्यांना वाद घालायचा होता.

‘‘भाषण केलं म्हणून महाभियोग? अगं, ‘लढा’ हा शब्द आपल्याकडे गल्लीतला कार्यकर्ताही रोज वापरतो.’’

‘‘एकट्या भाषणाचा प्रश्न नाही, अण्णा. आरोप एकच आहे, बंडाला चिथावणी. पण त्याच आरोपपत्रात २ जानेवारीला ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याच्या निवडणूक प्रमुखांना केलेला फोनही आहे. ११,७८० मतं शोधून काढा म्हणाले.’’

‘‘मग पोलिसांत जा. गुन्हा कुठला?’’

खरी मेख इथंच होती. आपल्या अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाला एकच कारण आहे, संविधानाचा भंग. अमेरिकेच्या घटनेत देशद्रोह, लाचखोरी आणि त्यापुढे ‘इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन’. हे ‘गैरवर्तन’ मीच चौकटीत लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा वाटतो. वाटतो खरा. पण पदाचा असा वापर की ते पद त्या माणसाच्या हाती ठेवणंच धोक्याचं व्हावं, याला कायद्याच्या पुस्तकातलं कलम सापडेलच असं नाही, आणि सापडायची गरजही नाही, असं माझं मत. अण्णांचं मत, मग उद्या ज्याचं बहुमत तो ज्याला त्याला काढेल. याला उत्तर होतं: दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांची अट. तीच पुढे माझ्या अंगावर आली.

दोन वाजून गेल्यावर मतदान सुरू झालं. एकेक सिनेटर जागेवर उभा राहून ‘गिल्टी’ किंवा ‘नॉट गिल्टी’ म्हणत होता. मी जुन्या प्रूफच्या पाठीवर पेन्सिलनं रेघा ओढत होते. नावं आद्याक्षरांप्रमाणे, त्यामुळे नॉर्थ कॅरोलिनाचे रिचर्ड बर लवकरच उठले. रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाचे. हा खटलाच घटनाबाह्य आहे, असं मत त्यांनी मंगळवारी दिलं होतं. ‘गिल्टी,’ ते म्हणाले. माझी पेन्सिल चुकीच्या रकान्यात गेलेली होती. खोडून पलीकडे ओढली.

५७ विरुद्ध ४३. हवी होती ६७.

अण्णा टाइप करायला निघाले: ‘ट्रम्प निर्दोष’. सुटसुटीत, एका ओळीत बसणारं.

‘‘निर्दोष कसं? सत्तावन्न जण दोषी म्हणालेत.’’

‘‘कोर्टात सुटला तो निर्दोष.’’

तेवढ्यात सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल बोलायला उभे राहिले. नुकतंच ‘नॉट गिल्टी’ म्हणालेले हे गृहस्थ सांगत होते की ६ जानेवारीच्या घटनांची व्यावहारिक आणि नैतिक जबाबदारी ट्रम्प यांचीच, पण पद सोडलेल्या माणसावर हा खटला चालत नाही. ट्रम्प पदावर असताना सिनेट लवकर बोलवायला तयार नव्हते तेही हेच. वरातीमागून घोडं, आणि घोडं अडवणारेही तेच.

मी अण्णांना १८७६ चं बेलनॅप प्रकरण दाखवलं. लाचखोरीचा आरोप असलेल्या या युद्धमंत्र्यानं प्रतिनिधीगृहात मतदान होण्याआधी घाईघाईनं राजीनामा दिला. सिनेटनं तरी खटला चालवला. बहुमत दोषी म्हणालं, दोन तृतीयांश झालं नाही, आणि विरोधात मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आक्षेप अधिकारावर होता, कृत्यावर नव्हता. अण्णांनी ते वाचून चष्मा काढला.

‘‘मग ‘सुटले’ लिहू?’’

‘‘त्यात तुमचा शेरा दिसतो.’’

‘‘तुझा नाही दिसत?’’

शेवटी गेलं ते असं: ‘दोषसिद्धीला १० मतं कमी, ट्रम्प महाभियोगातून मुक्त’. लांबलचक. मोबाइलवर अर्धं कापलं जात होतं आणि नेमकं ‘मुक्त’च दिसत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा बाबा ‘आज निकालाची शक्यता’ वाचत बसले होते.

‘‘काय झालं गं मग?’’

‘‘सुटले.’’

‘‘म्हणजे काही केलंच नव्हतं त्यांनी?’’

मी चप्पल काढायच्या आधी पर्समधून तो प्रूफचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी रेघा मोजायला घेतल्या.