औषध मारत गेले, तशी कीड वाढत गेली

"मावा पडलाय, तीनदा औषध मारलं तरी हटत नाही," असं सहकारनगरच्या एका काकांनी फोनवर सांगितलं, तेव्हाच शंका आली. एप्रिलचा मध्य, पारा 39 च्या आसपास. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक मऊ कीड, थंडीत आणि ढगाळ हवेत माजतो. असल्या कोरड्या उन्हात तो बहुधा आपणहून ओसरतो.

गच्चीवर गुलाबाच्या 42 कुंड्या होत्या. खालची पानं तांबूस-करडी पडलेली, वरून सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके. कळ्यांच्या देठांशी बारीक जाळं, त्यात शेजारच्या बांधकामाची धूळ अडकलेली. मावा असता तर पानं चिकट लागली असती, मुंग्या फिरत असत्या. दोन्हींचा पत्ता नव्हता.

पानाखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारल्या. मिरपुडीसारखे कण पडले आणि क्षणभराने चालायला लागले. एका पानाचे चाळीसच्या वर मोजले. मग पान उलटं करून दहापटीच्या भिंगाखाली धरलं. मधल्या शिरेच्या कडेने मोत्यांसारखी गोल अंडी, टाकलेल्या पांढऱ्या काती, आणि पाठीवर दोन काळे डाग असलेले आठ पायांचे जीव. लाल कोळी. नाव लाल असलं तरी पुष्कळदा तो पिवळट-हिरवा दिसतो, म्हणून लोक फसतात. मुळात हा सहा पायांचा कीटक नव्हेच, कोळ्यांच्या जातकुळीतला आहे. त्यामुळे कीटकांसाठीची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत.

काकांनी बाटल्या आणून दाखवल्या. इमिडाक्लोप्रिड दोनदा, नंतर सायपरमेथ्रिन एकदा, दोन्ही कीटकनाशकं. सगळं बिघडलं ते इथे. सायपरमेथ्रिनने कोळ्यांना खाणारे ढालकिडे (ढालीसारख्या पाठीचे छोटे भुंगेरे) आणि भक्षक कोळी मारले. इमिडाक्लोप्रिड कोळ्याला तर मारत नाहीच, उलट त्यानंतर माद्या जास्त अंडी घालतात असं बऱ्याच ठिकाणी दिसलेलं आहे. 30 अंशांच्या पुढच्या कोरड्या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला जेमतेम आठवडा लागतो. तीन फवारण्यांमध्ये तीन आठवडे गेले होते. हिशेब सरळ आहे, आणि न बघता औषध देणाऱ्या दुकानदारांचा मला मनापासून राग येतो तो यासाठीच.

आणखी एक नुकसान वेगळं काढावं लागलं. आठ-दहा झाडांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. ते कोळ्याचं काम नव्हतं. माळ्याने सकाळी 11 वाजता निंबतेल मारलं होतं. तेलाचा थर आणि वरून ऊन, पान भाजणारच.

त्या दिवशी औषध काहीच मारलं नाही. आधी सगळ्या कुंड्यांना संध्याकाळी भरपूर पाणी दिलं, कारण तहानलेल्या झाडावर काहीही फवारलं तरी ते सोसत नाही. सगळ्यात खराब पानं काढून पिशवीत बांधली, कंपोस्टात टाकू दिली नाहीत. काका छाटणीच करा म्हणत होते. एप्रिलमध्ये ती करू नये. सावली गेली की उघड्या काड्या उन्हाने भाजतात.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला धुणं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून, खालून वर, पानाच्या मागच्या बाजूला. वरून पाणी मारून उपयोग नाही, कोळी मागेच असतो. एक दिवसाआड असं तीनदा. यात जाळं आणि धूळ निघून जाते, आणि अर्धी लढाई इथेच जिंकली जाते.

मग निंबतेल. 1 लिटरला 5 मिली तेल आणि 2 मिली पातळ साबण. तेल आधी साबणात घोटायचं, मग थोडं कोमट पाणी घालून दुधाळ झालं की उरलेलं पाणी. थेट पाण्यात ओतलं तर तेल वर तरंगतं आणि पंपातून शेवटी नुसतं तेलच बाहेर येतं. फवारणी संध्याकाळी 6 नंतर, आधी एका झाडावर करून एक दिवस बघायचं. अंड्यांवर याचा भरवसा नाही, म्हणून पाच-सहा दिवसांनी पुन्हा, आणि आणखी एकदा. काकांकडे गंधकाची पुडीही होती. ती ठेवून द्यायला सांगितली: 32 अंशांच्या वर गंधकाने पानं भाजतात आणि निंबतेलानंतर दोन आठवडे तरी ते चालत नाही.

कुंड्या तापलेल्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवल्या, मातीवर दोन बोटं उसाचं पाचट पसरलं, दुपारसाठी 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधली. युरिया बंद. कोवळी, रसाळ पालवी म्हणजे कोळ्याला मेजवानी. चार-पाच कळ्या कडेने तपकिरी, अर्धवट उमललेल्या होत्या. त्या कागदावर झटकल्यावर लांबट फुलकिडे पडले, ही कळ्या-फुलं खरवडणारी वेगळीच कीड. त्या कळ्या तोडल्या आणि निळे चिकट सापळे लावले.

अठराव्या दिवशी पुन्हा कागद धरला. दर पानामागे दोन-तीन कण. नवा फुटवा तांबूस, चकचकीत होता. एका पानामागे मोहरीच्या दाण्याहून लहान, काळा कुळकुळीत भुंगेरा फिरत होता, कोळ्यांवरच जगणारा ढालकिडा. काका तिसऱ्या फवारणीसाठी पंप भरून वर येत होते. त्यांना जिन्यातच थांबवलं, भिंग हातात दिलं आणि ती कुंडी फवारणीतून वगळली.