बाबांच्या पत्रातली अक्षरं

लंडनला येऊन नऊ वर्षं झाली. बाबांशी रोज फोनवर बोलणं होतं, तरी नागपूरच्या महाल भागातल्या घरून त्यांचं पत्र येतंच. तीन वर्षांपूर्वीचं एक पत्र मी जपून ठेवलंय. पहिली ओळ नेहमीसारखी, ठसठशीत, जन्मभर फळ्यावर मराठी लिहिलेल्या माणसाची. पण खाली येता येता अक्षर आक्रसत गेलेलं, ‘तुझा बाबा’ तर मुंगीएवढं.

मी ते पत्र दिव्याखाली धरलं आणि हातपाय गार पडले. अक्षर असं आक्रसणं हे पार्किन्सन्सचं, म्हणजे आपल्या कंपवाताचं, एक लक्षण. आणि तोच माझ्या संशोधनाचा विषय.

लगेच आईला फोन लावला. हात थरथरतो का, हे विचारलंच नाही. झोपेचं विचारलं.

“अगं, सहा-सात वर्षं झाली, झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. आणि मृग बहाराची संत्री आणली तर म्हणतात, वासच नाही याला.”

नागपूरच्या माणसाला संत्र्याचा वास येऊ नये! डॉक्टरांना दाखवलं होतं. “वय झालं आता,” एवढंच उत्तर मिळालं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या कामाच्या टेबलावर दान केलेल्या मेंदूचे काप असतात. निरोगी मध्यमेंदूत काजळाच्या रेघेसारखी काळी पट्टी नुसत्या डोळ्यांनी दिसते. हालचालींसाठी लागणारं डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशींचा तो रंग. कंपवात झालेल्याच्या मेंदूत ती पुसट होते. उरलेल्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. हालचाली मंदावून आजार ओळखू येईपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, हे सगळं त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. अशी प्रत्येक तक्रार म्हणजे कंपवात नव्हे. पण दोन-तीन एकत्र दिसली, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. हात थरथरायची वाट पाहू नका. कित्येकांचा तर थरथरतही नाही.

जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते सहा रुग्णांवरून, त्यातले काही तर त्याने रस्त्यात चालतानाच पाहिलेले. त्याचं घर होतं त्या लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधून जाताना मला ते हटकून आठवतं. बाबांना मात्र सर्पगंधेची गोष्ट आवडते. आपल्या सर्पगंधेतून निघणारं रेसर्पिन दिल्यावर ससे निपचित पडले, आणि लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो ते द्रव्य, टोचताच पुन्हा हलू लागले. हा प्रयोग १९५७ चा, स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांचा. पुढे २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज बाबांच्या गोळीत तेच लेव्होडोपा आहे.

शेजारच्या काकूंनी खाजकुहिलीच्या बियांची पूड आणून दिली. आपुलकीनेच. त्या बियांतही लेव्होडोपा असतं, खरंच असतं. पण चमच्यात किती आलं, कोण मोजणार? गोळीसोबत घेतली तर मात्रा भलतीच व्हायची. काकूंना मी स्वतः फोन करून समजावलं.

घोळ झाला तो वरणाचा. बाबा गोळी जेवतानाच घ्यायचे आणि दुपारभर ताठरून बसायचे. डाळीतली प्रथिनं गोळीला आतड्यातून रक्तात जाताना आडवी येतात. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, डॉक्टरांना विचारून. दुपारी ते चिटणीस पार्कपर्यंत जाऊन येतात.

परवाचं पत्र दुरेघी वहीच्या पानावर आलं. रेघा आखलेल्या असल्या की अक्षर आक्रसत नाही, हे मीच सांगितलं होतं. शेवटच्या ओळीतलं ‘तुझा बाबा’ दोन्ही रेघांना टेकलेलं आहे.