पावसाळ्यातल्या बॅटऱ्या आणि जनरेटरचे पहिले चार तास

मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, आमचे दोन खोल्यांचे शेतघर आहे. विजेचा शेवटचा खांब डोंगराच्या पायथ्याशीच राहिल्यामुळे घरातले दिवे, दोन पंखे आणि मिक्सर हे सर्व छपरावरची सौर पॅनेल आणि दीडशे अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या यांच्यावर चालते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारालाच बॅटऱ्या भरलेल्या असतात. आषाढ लागला, की ढग डोंगरावरून हलायला तयार नसतात, आणि मग पेट्रोलच्या लहान जनरेटरवाचून गत्यंतर उरत नाही.

पहिल्या पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी तासभर जनरेटर चालवीत असे. दिवे लख्ख लागत, त्यामुळे सर्व ठीक चालले आहे असे वाटत होते. मात्र गणपतीच्या सुमारास रात्री नऊलाच इन्व्हर्टर शिटी मारू लागला. हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता दाखवणाऱ्या नळीने, आम्ल ओढून पाहिले. भरलेल्या बॅटरीत १.२४० दिसायला हवे, तिथे बहुतेक कप्प्यांत तरंगणी १.१९० च्या आसपास थांबत होती, आणि एका कप्प्यात तर ती नळीच्या तळाशी जेमतेम उचलली जाऊन १.१५० वर अडली. त्या दिवसापर्यंत मी फक्त व्होल्टेज पाहत होतो, आणि जनरेटर चालू असताना दिसणारे व्होल्टेज बॅटरीत किती वीज साठली आहे ते सांगत नाही.

झाले होते ते असे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बसते आणि चार्जिंगमध्ये ते परत विरघळते; पण आठवडेच्या आठवडे बॅटरी अर्धवटच भरली, तर त्याचे स्फटिक मोठे व कठीण होत जातात, मग ते सहजासहजी हटत नाहीत आणि तेवढी पट्टी कायमची निकामी होते. माझ्या तासाभराच्या चार्जिंगमधून फार तर पंधरा अँपिअर-तास आत जात होते, तर दिवसभराचा खर्च चाळिशीच्या घरात होता. ढगाळ आकाशातून मिळणारी वीज ही तूट भरून काढू शकत नव्हती.

दुसरीकडे, रोज बॅटऱ्या पूर्ण भरेपर्यंत जनरेटर चालवणेही परवडणारे नाही. बॅटऱ्या अर्ध्यावर आलेल्या असल्या, की पहिले चार तास चार्जर सलग पंधरा अँपिअर देतो. दोन्ही बॅटऱ्या मिळून २८.८ व्होल्टला पोहोचल्या, की व्होल्टेज तिथेच राहते आणि प्रवाह दहा, सहा, तीन असा उतरत जातो. आमचा जनरेटर पंधरा अँपिअरला तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल पितो आणि तीन अँपिअरलाही त्याहून थोडेच कमी. म्हणजे शेवटच्या टप्प्यात जळणारे पेट्रोल बहुतांशी इंजिन नुसते फिरते ठेवण्यासाठीच खर्च होते.

म्हणून आता मी जनरेटर संध्याकाळी नव्हे, तर पहाटे साडेसहाला सुरू करतो. प्रवाह सात-आठ अँपिअरवर आला, की तो बंद करतो आणि पुढचे काम पॅनेलवर सोडतो. ढगाळ दिवशीही पॅनेलमधून तीन-चार अँपिअर येतात, आणि बॅटरीला त्या वेळी नेमके तेवढेच हवे असतात. दर पंधरवड्याला एक दिवस मात्र पेट्रोलचा हिशेब बाजूला ठेवून, तासातासाच्या अंतराने घेतलेली हायड्रोमीटरची तीन मापे सारखी येईपर्यंत चार्जिंग करतो. डिस्टिल्ड वॉटर त्यानंतरच घालतो, कारण चार्जिंगमध्ये पाण्याची पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेल्या कप्प्यातून आम्ल बाहेर येते.

नव्याने जनरेटर घेणाऱ्यांना एक गोष्ट हमखास अडते. इन्व्हर्टर जनरेटरची वीज स्वीकारतच नाही. आतला रिले खट् करून जोडतो आणि दुसऱ्या क्षणी सोडतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि साधा मोड असे बटण असते. यूपीएस मोडला थोडासाही चढउतार खपत नाही, म्हणून ते बटण साध्या मोडवर करून पाहावे. वायरही जाड घ्यावी, नाहीतर वाटेतच व्होल्टेज पडते. आमच्याकडे चार चौरस मिलिमीटरची आहे.

जाड आणि लांब वायर घेण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पाऊस कोसळत असताना जनरेटर पडवीत ओढून घेण्याचा मोह होतो. तो कृपा करून टाळावा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. आम्ही घरापासून वीस पावलांवर, वाऱ्याची दिशा पाहून, तिन्ही बाजू मोकळ्या असलेली पत्र्याची शेड उभारली आहे. बॅटऱ्यांच्या खोलीची खिडकीही चार्जिंग सुरू असताना उघडी असते, कारण शेवटच्या टप्प्यात त्यांतून हायड्रोजन निघतो.

दसऱ्याच्या सुमारास पॅनेल पुन्हा पुरेशी वीज देऊ लागतात. तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करून, कार्बुरेटर कोरडा होऊन इंजिन आपोआप थांबेपर्यंत जनरेटर चालवायचा, टाकी रिकामी करायची आणि त्यावर ताडपत्री घालायची, एवढे काम त्या वर्षापुरते उरते.