वाफेचं इंजिन, आठवडा सहावा: भोकं पाच, बाकी सगळी बांधाबांध

मंडळी, या आठवड्यात इंजिन बनवण्याचं काम फारसं पुढे सरकलं नाही. पोर्ट प्लेटची (वाफ ज्या भोकांतून आत-बाहेर जाते ती पट्टी) चार भोकं आणि क्रँकच्या शाफ्टमधलं (फिरत्या दांड्यातलं) एक आडवं भोक, एवढंच झालं. उरलेला सगळा वेळ ड्रिल मशीनच्या टेबलावर जॉब, म्हणजे ज्याला भोक पाडायचं ती वस्तू, कसा बांधायचा हे शिकण्यात गेला.

मागच्या रविवारी काय झालं ते आधी सांगतो. पोर्ट प्लेटसाठी ६ मिमी जाडीची पितळी पट्टी आणली होती, लांबी १५ सेंमी. त्यात ८ मिमीचं भोक हवं होतं. डाव्या हाताने पट्टी दाबून धरली आणि ३ मिमीचं पायलट, म्हणजे आधीचं लहान, भोक पाडलं. ते सरळ पडलं, म्हणून ८ मिमीच्या वेळीही हातानेच धरली. ड्रिल खालून बाहेर पडायला आलं आणि पट्टी वर उचलली गेली, हातातून हिसकली आणि थेट कॉलमवर, म्हणजे मशीनच्या मागच्या उभ्या खांबावर, आदळली. तर्जनीला खोल चीर पडली, तीन टाके घालावे लागले. मशीन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर होतं आणि पट्टीचं लांब टोक ड्रिलपासून १२ सेंमीवर. कॉलम मध्ये आला नसता तर ते टोक ताशी ३४ किलोमीटर वेगाने फिरत राहिलं असतं.

असं का होतं, हे शेजारच्या काकांनी समजावलं. त्यांचा जन्म टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं बनवणाऱ्या विभागात, गेला आहे. भोक पाडताना आपण जो जोर लावतो, त्यातला बराचसा ड्रिलच्या टोकाची मधली बोथट कड धातूत रेटण्यात खर्च होतो. टोक खालून बाहेर आलं की तो अडथळा एकदम संपतो. मग ड्रिलचे पीळ स्क्रूसारखं काम करतात आणि जॉब स्वतःकडे वर ओढून घेतात. पितळात हे सगळ्यात जास्त होतं. त्यातून माझं पायलट भोक आधीच पडलेलं, म्हणजे मधल्या कडेला सुरुवातीपासूनच काही काम नव्हतं. धोका असतो तो शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये, आणि नेमका तेव्हाच आपला हात सैल पडलेला असतो.

मी म्हणालो, “काका, व्हाइस आहे की माझ्याकडे, जॉब जबड्यात आवळून धरायचा. पुढच्या वेळी त्यात धरीन.”

“टेबलाला बांधलेला आहे का? मोकळा व्हाइस म्हणजे गोफण रे बाबा.”

म्हणून बुधवारी जुन्या बाजारात गेलो. माझं मशीन १३ मिमी चकचं (म्हणजे १३ मिमीपर्यंतचं ड्रिल धरणारं) साधं बेंच ड्रिल आहे. टेबलाच्या खाचा आरपार आहेत, खाचेत अडकणारा टी आकाराचा नट (टी-नट) त्यात बसत नाही. १० मिमीचे चार बोल्ट, जाड वॉशर आणि लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घेतले. बोल्ट खालून घालायचा, डोक्याखाली मोठा वॉशर, वर नट. आता व्हाइस दोन बोल्टांनी घट्ट बसतो. फक्त बोल्ट आवळण्याआधी व्हाइस सरकवून सेंटर पंचची (भोकाच्या मध्यावर ठोकलेल्या टोकदार दाभणाची) खूण बरोबर ड्रिलच्या टोकाखाली आणावी लागते. माझी याला पाच-सात मिनिटं जातात. जॉबखाली दोन पॅरलल (सारख्या उंचीच्या पट्ट्या) ठेवतो, भोकाच्या वाटेत येणार नाहीत असे, म्हणजे ड्रिल व्हाइसच्या तळात शिरत नाही. व्हाइस आवळताना सरकता जबडा जॉबला किंचित वर उचलतो, म्हणून वरून प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकायचं. खालचे पॅरलल हाताने हलेनासे झाले की जॉब नीट बसला.

जे व्हाइसमध्ये मावत नाही त्यासाठी स्ट्रॅप क्लॅम्प, म्हणजे एक टोक जॉबवर आणि दुसरं टेकूवर ठेवून मधल्या बोल्टने आवळायची पट्टी. इथे माझी मोठी चूक सापडली. मी बोल्ट पट्टीच्या मागच्या टोकाकडे, टेकूच्या जवळ घालत होतो, त्यामुळे बहुतेक दाब टेकूवर जात होता. बोल्ट बरोबर मध्ये असेल तर जॉबला अर्धा दाब मिळतो. जॉबपासून एक तृतीयांश अंतरावर असेल तर दोन तृतीयांश. म्हणून बोल्ट जॉबच्या जवळ हवा आणि टेकूची उंची जॉबइतकी किंवा किंचित जास्त हवी, कमी कधीच नको. कमी झाली तर पट्टी जॉबच्या फक्त कडेवर टेकते आणि जॉब सटकतो.

पितळासाठी काकांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. ड्रिलच्या दोन्ही धारांवर ऑइल स्टोन उभा धरून अगदी बारीक सपाटी काढली. धार धातूत घुसण्याऐवजी खरवडत जाते. त्याच पितळात त्याच मापाचं भोक पाडलं, जॉब अर्थातच बांधलेला, आणि शेवटाला जरासाही हिसका जाणवला नाही. हे ड्रिल मी वेगळ्या डबीत ठेवलंय, लोखंडाला वापरायचं नाही.

शाफ्टचं काम सर्वांत जास्त आवडलं. ८ मिमीच्या गोल शाफ्टमधून २.५ मिमीच्या पिनेसाठी आडवं भोक, तेही बरोबर मधोमध. शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात, बांधला. मशीन बंद ठेवून, शाफ्टवर स्टीलची पातळ फूटपट्टी आडवी ठेवली आणि ड्रिलचं टोक अलगद तिच्यावर टेकवलं. ती ज्या बाजूला खाली झुकली, त्या बाजूला ब्लॉक सरकवला. तिसऱ्या खेपेला फूटपट्टी आडवी राहिली. मग ब्लॉक टेबलाला बांधला, आधी सेंटर ड्रिल (सुरुवातीची खूण पाडणारं आखूड, जाड ड्रिल), मग २.५ मिमी. भोक आरपार मधोमध निघालं. शाफ्ट खिशात घालून दोन दिवस फिरलो.

पातळ पत्र्याचं अजून केलं नाही, पण एक हिशोब करून ठेवलाय. ११८ अंशांच्या ड्रिलचं टोक व्यासाच्या साधारण ०.३ पट लांब असतं, म्हणजे १० मिमी ड्रिलचं ३ मिमी. पत्रा १.५ मिमीचा असेल तर पूर्ण व्यास आत शिरायच्या आधीच टोक खालून बाहेर पडतं, ड्रिलला आधार राहत नाही आणि भोक तिकोनी होतं. त्यामुळे पत्रा दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये दाबून बांधणार आहे.

आणि हातमोजे काढून ठेवलेत. जखम झाल्यावर घरून मोजे घालायचा आग्रह झाला, तो प्रेमाचाच होता, पण फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचं एक सूत अडकलं तर मागोमाग बोट जातं. कीस ब्रशने झाडतो, मशीन थांबल्यावर.

या रविवारी बेस प्लेट. २०० बाय १२० मिमी, १० मिमी अॅल्युमिनियम, व्हाइसमध्ये बसणार नाही. दोन स्ट्रॅप क्लॅम्प लावीन, खाली एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) तुकडा. शिवाय लांब टोक कॉलमच्या डाव्या बाजूला टेकवून ठेवीन. ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, म्हणजे क्लॅम्प सुटलेच तर डावं टोक मागे ढकललं जाऊन कॉलमलाच अडेल, माझ्याकडे येणार नाही.