फ्लॉक्स समजून जपलं जाणारं डेम्स रॉकेट

उत्तर अमेरिकेत मे-जूनमध्ये रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, झाडीच्या सावलीत जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे ताटवे दिसले की बरेच जण ‘फ्लॉक्स’ (दिसायला तसंच, पण वेगळं फुलझाड) म्हणून मोकळे होतात. त्यात डेम्स रॉकेट भरपूर असतं. शास्त्रीय नाव हेस्पेरिस मॅट्रोनालिस, कूळ मोहरीचं. युरोपीय वसाहतकारांनी ते बागेसाठी आणलं आणि ते कुंपणाबाहेर पडून रानात पसरणारं तण झालं, म्हणून ते ओळखून काढावं लागतं.

रंगावर जाऊ नका, पाकळ्या मोजा. रॉकेटला चार, फ्लॉक्सला पाच. फुलं नसतील तर पानं बघा: रॉकेटची खोडावर एकाआड एक आणि कडेला दातेरी, फ्लॉक्सची समोरासमोर आणि सरळ कडांची. तरीही खात्री नसेल तर फूल उकलून पुंकेसर बघावेत. चार लांब, दोन आखूड अशी मोहरी कुळाची खूण सापडते. पुढे बारीक, लांबट शेंगा धरतात, मग शंकाच उरत नाही.

पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा झुबका असतो, फुलं सहसा दुसऱ्या वर्षी येतात. त्यामुळे फुलांची रोपं काढून ‘झालं काम’ म्हटलं की पुढच्या वर्षी तितकीच पुन्हा उभी राहतात. झुबकेही काढायला हवेत. पावसानंतर माती ओली असताना बुडाशी धरून सरळ वर ओढा. कोरड्या मातीत खोड तुटतं आणि मुळाच्या माथ्यावरून नवे फुटवे येतात. तिथे खुरप्याने माथ्याखाली कापावं. नुसतं वरून छाटलं तर बाजूने फांद्या फुटून फुलं येतात.

बहर संपेपर्यंत थांबू ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एकाच दांड्यावर शेंड्याला फुलं उमलत असतात आणि खाली शेंगा भरत असतात. शेंगा धरलेली रोपं पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नकोत. उपटल्यावरही बी पिकू शकतं. मातीत पडलेलं बी काही वर्षं रुजत राहतं, म्हणून दर वसंतात फेरी हवीच.

संध्याकाळी याला सुरेख वास येतो, फुलदाणीत ठेवायला काहीच हरकत नाही. त्याच्या मूळच्या मुलखात ते उपटत बसायचंही कारण नाही. मात्र अमेरिकेत ‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून बियांचं पाकीट घेताना मागची यादी वाचा. हेस्पेरिस दिसलं तर पाकीट परत ठेवा.